मोहाच्या झाडावरची हाक

लंडनला छापलेल्या कादंबरीवरून एटापल्लीच्या बसस्थानकासमोर भांडण व्हावे, हे कुणाला हास्यास्पद वाटेल. ते भांडण मी केले आणि त्याची मला लाज नाही.

कादंबरीची लेखिका इंग्रज. काही वर्षांपूर्वी ती आमच्याकडे सहा आठवडे राहिली. मी इंग्रजीचा निवृत्त शिक्षक. दुभाषा म्हणून तिच्याबरोबर हिंडलो. पुस्तक निघाल्यावर तिने मला एक प्रत पाठवली. अखेरच्या टिपणात ती लिहिते की, पहिला खर्डा प्रकाशकाने परत केला होता. त्यात जंगल होते, गोष्ट नव्हती. मग तिथल्या ‘एका माणसाने’ सांगितलेला अस्वलाचा प्रसंग तिने मध्यभागी घातला आणि पुस्तक स्वीकारले गेले.

एका माणसाने! नाव नसले की वारस उभे राहतात, हे मी तेव्हाच ओळखायला हवे होते.

प्रसंग असा: बाहेरगावचे दोन मित्र पहाटे मोहफुले वेचत असतात. अस्वल येते. एक जण झाडावर चढतो, दुसरा खाली सापडतो. वरचा जिवाच्या आकांताने तीनदा हाक मारतो. कुणी येत नाही. हे प्रकरण मी बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर मराठी करून वाचून दाखवले. निवृत्त वनरक्षक समोरच बसला होता, बशीतल्या चहावर फुंकर घालत. तो इतका गप्प का होता, हे मला महिन्याभराने कळले.

त्या ‘एका माणसा’च्या शोधात चंद्रपूरहून एक वार्ताहर आला होता. मी टपरीवर पोचलो तेव्हा वनरक्षक त्याला सांगत होता, “मीच सांगतलो बाईले. झाडावरच्याची हाक मी सोता आइकलो नं! नाक्यावर होतो. तीन खेपा. पयत गेलो मी झाडाकडे.”

“खोटं बोलून राह्यले तुम्ही, भाऊ,” मी म्हणालो.

टपरीवाला हसला. “गुरुजी, तुम्ही काऊन तापून राह्यले जी? पेपरात तुमचा फोटो नाई येत म्हणून?”

“यानं काही आइकलं नाई. हाक कोणी मारलीच नाई.”

“पुस्तकात तं हाये!” वनरक्षक म्हणाला. “तुम्हीच वाचले नं?”

वार्ताहराचे पेन थांबले. “हाक मारली नव्हती, हे तुम्हाला कसं माहीत, गुरुजी?”

मी अर्धा कप तसाच ठेवून उठलो. बातमी वनरक्षकाच्या फोटोसह छापून आली. आता गावात आणखी दोघांना ती हाक ऐकल्याचे आठवते.

म्हणून हे लिहून ठेवतो. गोष्ट मी सांगितली. बाहेरगावचे मित्र मी रचले आणि हाकही मीच घातली. जी मारलीच गेली नाही ती हाक ज्याला ऐकू आली, त्याने ती माझ्याच वाचनातून उचलली. यापुढे कोणी वाद घालू नये.

खाली होता तो माझा थोरला चुलतभाऊ. तो एकटाच गेला होता, मी मागाहून पोचलो, असे मी गावाला सांगितले आणि गावाने ते मानले. मी झाडावर होतो. हाक मारली असती तर अस्वलाने वर पाहिले असते.

भावाने एकदा वर पाहिले. त्यानंतर तो आठ दिवस जगला, शुद्धीवर होता, आणि त्याने कोणाला काही सांगितले नाही.