समोरचा बॉक्स, मागचा बॉक्स

आईसाठी मागच्या खोलीत वेगळा टीव्ही बसवला, तेव्हा तो तिच्या सोयीसाठी आहे असं मी सगळ्यांना सांगितलं. शाळेतल्या सहकारी शिक्षकांनाही सांगितलं. "तिला तिच्या मालिका निवांत पाहता याव्यात," असं म्हणताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटायचं.

खरं कारण आवाज होता. आईला ऐकू कमी येतं. समोरच्या खोलीत ती मालिका लावायची तेव्हा संवाद पार तिरोडा रोडपर्यंत जायचे. सोबतीला शेजारची म्हातारी येऊन बसायची आणि दोघी मिळून पडद्यावरच्या सासवांना मोठमोठ्यानं शिव्या घालायच्या. मुलीला त्याच वेळी गाण्यांची स्पर्धा पाहायची असायची. बायको भांडी जरा जोरात ठेवायची. आणि शाळेतून आल्यावर मला कुणाचाच आवाज नको असायचा.

मागच्या खोलीत आईची खाट आणि धानाची पोती असतात. तिथल्या भिंतीवर जुना टीव्ही लावला, दुसरा सेट टॉप बॉक्स घेतला. डिशवाला म्हणाला, छतावरच्या छत्रीला दोन तोंडांचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा डबा, बसवावा लागेल आणि दुसरी वायर खाली आणावी लागेल. पण तो धानाच्या कापणीत अडकलेला. "कापनी झाली का फोन करा जी, येतो," म्हणाला. मला तेवढाही धीर नव्हता. गोंदियाच्या बाजारातून मी एका वायरीच्या दोन करणारा स्प्लिटर घेऊन आलो. तो हातात देताना दुकानदारानं बजावलं, "करंट एक ही तरफ से जाएगा भैया. जिस बॉक्स को मालिक रखना है, उसको इधर लगाना."

मालिक म्हणजे काय, हे मी नीट विचारून घेतलं. छत्री एका वेळी अर्धेच चॅनल खाली पाठवते. कोणते अर्धे, ते मालिक बॉक्स ठरवतो. दुसऱ्याला त्यातलंच जे मिळेल ते.

घरी येऊन मी समोरच्या खोलीचा बॉक्स मालिक केला. त्यासाठी क्षणभरही थांबावं लागलं नाही.

पहिल्या संध्याकाळी आईची मालिका दिसली. दुसऱ्या दिवशी तिनं दूधवाल्यापासून सगळ्यांना थांबवून सांगितलं, "माह्या लेकानं मले येगळा टीव्ही घेऊन देला."

मग एकदा जेवणानंतर हात धुवायला मागे गेलो, तर तिच्या पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी होती. आई खाटेवर रिमोट मांडीवर घेऊन बसलेली. समोरच्या खोलीत मुलीची गाण्यांची स्पर्धा सुरू होती. काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं. कापणी झाली की डिशवाल्याला फोन करू, असं ठरवून मी आत आलो. गाणी सोडली तर घर शांत होतं. ती शांतता मला आवडली, हे इथे लिहायलाच हवं.

कापणी झाली, मळणी झाली. मी फोन केला नाही.

त्या दिवसांत आईला एक सवय लागली. आम्ही टीव्हीपुढे ताटं घेऊन बसलो की ती दारात येऊन उभी राहायची. पडद्याकडे पाहायची आणि विचारायची, "काऊन रे बाबू, आज बातम्या नाही लावत?"

"आजी, तुला बातम्यांचं काय गं एवढं?" मुलगी हसायची. "निवडणुकीला उभी राहतेस का?"

"राहीन. तू मत देशील का?" एवढं बोलून आई परत जायची. मला वाटायचं, मास्तर असलेल्या मुलानं जगाची खबर ठेवावी अशी तिची इच्छा असेल. मी तिला मानेनंच नाही म्हणायचो.

एका रविवारी शेजारच्या म्हातारीनं मला अंगणात गाठलं. "काऊन जी गुरुजी, तुमी बातम्या कायले लावत नाही?"

"का? तुम्हाला पाहायच्या आहेत?"

"मले कायले! तुमी बातम्या लावल्या का तुमच्या मायचा टीव्ही चालते म्हने. गाने लावले का बंद. तिनं बरोबर पाहून ठेवलं हाये. आमी दोघी भिंतीकडे पाहून चहा पिऊन राहिलो, अन् तुमचे गाने आयकून राहिलो."

ती हसत होती. मला हसता आलं नाही. दुकानदारानं मला जे दोन वाक्यांत सांगितलं होतं, ते आईनं दारात उभं राहून राहून शोधून काढलं होतं. आणि शोधल्यावरही तक्रार केली नव्हती, फक्त बातम्या मागितल्या होत्या.

डिशवाला दुसऱ्याच दिवशी आला. दुपारच्या आत काम झालं. संध्याकाळी मी मागच्या खोलीत गेलो. आईची मालिका भरात आली होती, खोली दणाणत होती.

"आई, तुझा टीव्ही बंद पडायचा ते मला माहीत होतं," मी म्हणालो.

"काय म्हनते?"

मी पुन्हा म्हणालो. तिनं कान पुढे केला, आवाज मात्र कमी केला नाही. मग मला ओरडूनच सांगावं लागलं. मला माहीत होतं. पहिल्यापासून. मुद्दाम दुरुस्त केलं नाही. घर शांत राहत होतं म्हणून.

समोरच्या खोलीतला टीव्ही कुणीतरी बंद केला. बायको आणि मुलगी दोघींनी ऐकलं असणार. आई माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग दिसेल म्हणून मी वाट पाहत होतो, थोडी आशाही करत होतो.

"मंग?" ती म्हणाली. "आता चालू झाला ना? सरक तिकडं. तुह्यानं मले काही दिसून नाही राहिलं."

मी सरकलो. तिनं खाटेवर जागा केली नाही, मीही मागितली नाही. धानाच्या पोत्याला टेकून उभ्या उभ्याच मी तो भाग संपेपर्यंत पाहिला. कोण कुणाची सून, ते मला काही कळलं नाही, आणि तिला विचारायचं धाडस झालं नाही.