रहेमतआपांची आयते करीमा

आमच्या उमरीच्या गल्लीत कुणाच्या घरी संकट आलं की दोन निरोप जायचे, एक डॉक्टरकडे आणि दुसरा रहेमतआपांकडे. डॉक्टरला यायला वेळ लागायचा. आपा मात्र ओढणी सावरत, काखेत चिंचोक्यांची पिशवी मारून, निरोप आणणाऱ्याच्याही पुढे चालत यायच्या.

मी महामाया. आपांच्या भिंतीला भिंत लागून माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. आमच्या घरात आजोबांनी देव सोडले ते सोडलेच. त्यामुळे नवस, तावीज, उतारे असलं काही दिसलं की माझ्या कपाळाला आठी पडते. आपांशी माझं जमलं ते या आठीसकट. त्यांनी ती पुसायचा कधी प्रयत्न केला नाही आणि मीही लपवली नाही.

आयते करीमा म्हणजे अडचणीच्या वेळी म्हणायची एका ओळीची दुआ. कुणी आजारी पडो, कुणाची लेक सासरहून परत येवो, कुणाचा मुलगा आखातात अडकून पडो, बायका एकत्र जमतात आणि ती ओळ सव्वा लाख वेळा म्हणतात. हिशेब राहावा म्हणून मधे चादर अंथरून तिच्यावर चिंचोक्यांचा ढीग ओततात. एकदा म्हटलं की एक चिंचोका इकडून तिकडे, आणि ढीग सरला की तोच पुन्हा, अशा फेऱ्या मोजायच्या. आपा उन्हाळ्यात अडत्याच्या वखारीत चिंचा फोडायला जायच्या, तिथूनच त्यांनी हे चिंचोके निवडून आणले होते. इतक्या जणींच्या बोटांखालून गेले होते की अगदी गुळगुळीत झाले होते.

आपांची शिस्त वखारीतल्या मुकादमासारखी. म्हणता म्हणता एखादीनं सुनेची कागाळी सुरू केली, की आपा तोंडातून शब्द न काढता तिच्या पुढचे मूठभर चिंचोके उचलून परत मूळ ढिगात टाकायच्या. एकदा तर मशिदीच्या सदरांच्या, म्हणजे अध्यक्षांच्या, बायकोचेच टाकले. ती बाई पुढे महिनाभर फुगून होती. काम झालं की आपा कपभर चहा घ्यायच्या आणि निघायच्या. जेवायचा आग्रह झाला तर म्हणायच्या की ज्या घरात चूल पेटवायचं कुणाला सुचत नाही, तिथं मी ताट वाढून घेऊ का?

मला हे सगळं आवडायचं. पण दुसऱ्याच्या दारात बसून धीर देणं सोपं असतं, आपल्या घरावर आलं की बघावं, असंही मनात यायचं. मग ते आलंच.

आपांचे मालक मौलासाब गवंडी होते. आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्यांच्या हातची. दोन घरं सोडून गुणाबाई राहतात, त्यांचा मुलगा सत्यम वायरमन. ज्या बांधकामावर मौलासाब असायचे तिथलंच लाईटफिटिंग बहुतेक वेळा सत्यमकडे असायचं, म्हणून दोघं सत्यमच्या मोटरसायकलवरच जायचे. मौलासाब मागे बसून त्याला बांधकामातल्या गमती सांगायचे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत, अंधार पडल्यावर, नांदेडच्या रस्त्यावर त्यांची गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जाऊन आदळली. दोघांनाही नांदेडला दवाखान्यात नेलं. मौलासाबांच्या छातीला मार होता, सत्यमच्या डोक्याला. दोघंही बेशुद्ध होते.

पुरुषमाणसं नांदेडला धावली. दुसऱ्या दिवशी दुपारी, जोहरच्या नमाजनंतर, आपांच्या घरी चादर अंथरली गेली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरी अंथरायच्या, तीच चादर. गल्लीतल्या बायका झाडून आल्या. त्या दिवशी कागाळ्या कुणाला सुचणार? आपा ढिगाच्या पुढ्यात बसल्या आणि हात उचलून त्यांनी नीयत केली की मौलासाबांचा जीव वाचावा. चहाचं खातं माझ्याकडे होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात स्टोव्ह पेटवून बसले.

थोड्या वेळानं गुणाबाई आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थबकल्या. गाडी त्यांच्या मुलाची, चालवत होता त्यांचा मुलगा. कुजबुज झाली. आपांनी मान वर केली, बाजूला सरकून जागा केली आणि पुन्हा ओठ हलवायला लागल्या. गुणाबाई येऊन बसल्या आणि त्याही चिंचोके सरकवू लागल्या.

बराच वेळ गेला. मग आमच्या अख्तरबींच्या लक्षात आलं. अख्तरबी म्हणजे गल्लीतलं चालतंबोलतं नियमांचं पुस्तक. त्यांनी गुणाबाईंना विचारलं की तुम्ही तोंडानं काय म्हणून राहिलात? गुणाबाई गोंधळल्या. त्यांना दुआ कुठली येणार? त्यांना वाटलं होतं, एक चिंचोका म्हणजे देवाकडे एकदा मागणं. त्या म्हणाल्या, "मी आपलं म्हणून राहिले, भाऊजीला वाचव, माझ्या लेकराला वाचव."

झालं. अख्तरबींनी कपाळाला हात लावला. सगळा हिशेब बिघडला होता. गुणाबाईंचे चिंचोके दुआ वाचून झालेल्या ढिगात मिसळले होते. गुणाबाई रडवेल्या झाल्या आणि घाईघाईनं त्या ढिगातून चिंचोके परत उचलू लागल्या. पण कुठले उचलणार? सगळे सारखेच. कुणी म्हणालं सगळं पहिल्यापासून करू. कुणी म्हणालं हिला बसवलं कशाला.

आपांनी गुणाबाईंचा हात धरला.

"राहू दे. तुझे दाणे हायेत तिथंच राहू दे. आम्ही वरून जास्तीचे वाचतो."

अख्तरबी पुटपुटल्या, पण बसल्या. गुणाबाईही बसल्या, आता हात मांडीवर ठेवून. मला मनातून फार बरं वाटलं. चहा नेऊन पहिला कप मी मुद्दाम गुणाबाईंनाच दिला.

ढीग अजून बराच उरला होता, तेव्हा आपांच्या शेजारी ठेवलेला मोबाईल वाजला. नांदेडहून दिराचा फोन होता. आपांनी ऐकलं, फोन खाली ठेवला आणि मरणाची बातमी आली की म्हणतात ते शब्द म्हटले, की आपण सगळे त्याचे आणि त्याच्याकडेच परत जायचंय. मौलासाब गेले होते.

आपा रडल्या नाहीत, असं गल्लीत पुढे कौतुकानं सांगितलं जायचं. साफ खोटं. त्या रडल्या, अख्तरबींच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारख्या रडल्या. मी स्वतः पाहिलंय. रडलेल्या माणसाला धीर नसतो, असं कुणी ठरवलंय कोण जाणे.

मय्यत यायला संध्याकाळ होणार होती. बायका उठायला लागल्या. ज्याच्यासाठी मागत होतो तोच गेला. चिंचोके भरून ठेवू आणि आता मयताच्या नावानं सिपारे, म्हणजे कुराणाचे भाग, वाचू, असं अख्तरबी म्हणाल्या, आणि त्यांच्या परीनं ते बरोबरच होतं. एकीनं चादरीचं टोक उचललंही. गुणाबाई कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभ्या होत्या, आपण तिथं दिसूच नये अशा. त्यांचा मुलगा अजून त्याच दवाखान्यात होता आणि तो जगेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं.

आपांनी तोंड पुसलं.

"चादर ठेव खाली. सिपारे नंतर वाचू. जीव वाचावा म्हणून बसलो होतो. तिथं अजून एक जीव हाय. बाकीचं सत्यमच्या नावानं."

मला वाटलं होतं, एखादी तरी उठून जाईल. अख्तरबीच सगळ्यांच्या आधी खाली बसल्या. बायका नाक ओढत, डोळे पुसत म्हणत राहिल्या. ज्याच्या हातून नवरा गेला त्याचं आयुष्य मागत आपा एकेक चिंचोका सरकवत होत्या. देवबिव मी मानत नाही, पण त्या दुपारी स्टोव्ह विझवून, पाय आखडून मी तिथंच बसून राहिले. उठावंसं वाटेना.

सत्यम वाचला. दुआनं वाचला की ऑपरेशननं, यावर गल्लीत दोन तट आहेत. मी कुठल्या तटात असेन ते सांगायला नको.

गोष्ट इथं संपली असती तर आपा म्हणजे तसबिरीतली बाई झाल्या असत्या. तशा त्या नाहीत. नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीचे महिने त्या घरातच होत्या, परक्या पुरुषासमोर यायचं नव्हतं, म्हणून सत्यम घरी आल्यावरही त्यांची भेट झाली नाही, याचं कुणाला नवल वाटलं नाही. गुणाबाई मात्र रोज यायच्या, पाणी भरून द्यायच्या, भाजी निवडून द्यायच्या. पण इद्दत संपली, आपा पुन्हा दारात बसायला लागल्या, आणि तरी सत्यमचं नाव निघालं की त्या उठून आत जायच्या. मी एकदा सरळच विचारलं. त्यांनीही सरळच सांगितलं की दुआ दिली ती दिली, पण त्याचं तोंड बघवत नाही. माझ्या मनातलं त्यांचं माप त्या दिवशी वाढलं.

इकडे सत्यमचं काही खरं नव्हतं. जखम भरली होती, डॉक्टरनं कामाला जायला सांगितलं होतं, पण तो खोलीतून बाहेरच येईना. आतून कडी घालून बसायचा. ताट तसंच परत यायचं. कुणाशी बोलणं नाही. एका सकाळी गुणाबाई आपांच्या पुढ्यात येऊन बसल्या. पोरगं काहीतरी करून घेईल अशी त्यांना भीती होती. त्यांनी पदर पसरला आणि लेकरासाठी एकदा परत चादर अंथरायला सांगितली. आता चादरीचं काम नाही, त्यानं स्वतः म्हणायला पाहिजे, एवढं बोलून आपा उठल्या. मला म्हणाल्या, चल माझ्यासंगं. एकटीनं जायचा धीर त्यांनाही नव्हता.

आपांनी दारावर थाप मारली आणि कडी काढायला सांगितलं. त्यांचा आवाज ऐकून आत काहीतरी पडलं. मग कडी निघाली. खिडक्या बंद, खोलीत अंधार, आणि सत्यम, दाढी वाढलेला, निम्मा झालेला. आपा पलंगापाशी उभ्याच राहिल्या. त्यानं मान वर केली नाही.

"चाची, चूक माझी हाय," तो म्हणाला. "फोन वाजला म्हणून मी खिशात हात घातला. काका मागून म्हणले, नको, गाडी थांबव. मी ऐकलं न्हाई."

हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा. पोलिसांपुढे ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता एवढंच आलं होतं. आपा वळल्या आणि तरातरा अंगणात निघून गेल्या. मला वाटलं, संपलं, आता या परत येत नाहीत. त्या अंगणातल्या खांबाला धरून पाठमोऱ्या उभ्या होत्या. मालकांचे शेवटचे शब्द त्यांना इतक्या महिन्यांनी, असे कळले होते. मी जवळ जायला निघाले तर त्यांनी मागे न बघताच हातानं थांबवलं.

मग त्या परत आत आल्या आणि या वेळी पलंगावर, त्याच्या शेजारी बसल्या.

"युनूस नबी लई मोठा माणूस," आपा म्हणाल्या. "पण एकदा रागात, हुकमाची वाट न बघता, गाव सोडून गेला. समिंदरात त्याला माशानं गिळलं. पोटात अंधार, वर पाण्याचा अंधार, त्याच्यावर रातीचा. तिथं त्यानं माशाला शिव्या दिल्या न्हाईत, गावाला न्हाईत. एवढंच म्हणला, तुझ्याबिगर कुणी न्हाई, चूक माझी हाय. तेवढ्यावर अल्लानं त्याला बाहेर काढलं. त्या दिशी आम्ही चादरीवर बसून तेच म्हणत होतो."

इतकी वर्षं शेजारी राहून त्या ओळीचा अर्थ मी त्यांना कधी विचारला नव्हता.

सत्यम हुंदके द्यायला लागला. आपांनी त्याला रडू दिलं. मग त्या खाली बघत बोलल्या, आवाज अगदी बारीक झाला होता.

"तू म्हणलास. आता माझं ऐक. तुझ्या नावानं वाचलं ते खरं. पण मागून रोज, नमाज झाल्यावर, मी तुला बद्दुआ बी दिली. तू जगलास आन ते गेले म्हणून. चूक माझी बी हाय. मी बी आतच बसले होते, बेटा."

आपांनी डोळे पुसले, त्याचा हात धरला आणि उठल्या.

"चल. दोघं बी बाहेर जाऊ."

तो उठला, भिंतीला धरत त्यांच्या मागून ओट्यावर आला. सकाळचं ऊन लख्ख पडलं होतं. इतक्या दिवसांत डोळ्यांना उजेडाची सवय राहिली नव्हती, तो डोळे मिटून दारातच थांबला. आपांनी ओढणीचं टोक त्याच्या कपाळावर धरलं आणि त्याचे डोळे उघडेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.