नॉकिंगचा कान

हल्लीच्या गाड्यांत इंजिनाला एक सेन्सर असतो. माझा पुतण्या गॅरेज चालवतो, त्याने एकदा बिघडलेला सेन्सर काढून माझ्या हातात दिला. अक्रोडाएवढा असेल. इंजिन नॉक मारायला, म्हणजे आतून टकटक करायला लागलं की हा ऐकतो आणि ठिणगीचं टायमिंग आपोआप मागे जातं. हाच बिघडला तर ड्रायव्हरसमोर पिवळा दिवा लागतो. पुतण्या कौतुकाने सांगत होता. मी म्हटलं, चांगलं आहे, निदान दिवा तरी लागतो.

ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते ऐकायचं काम माझ्याकडे होतं. शिरवण्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमचं गॅरेज. मालक गावातलेच. शेती नव्या शहरासाठी सरकारने घेतली तेव्हा त्यांनी पत्र्याची शेड टाकली. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. मी साताऱ्याकडचा. त्याआधी सात वर्षं एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसपाशी उभा होतो. प्रेस उजव्या हाताला असायची. याचा पुढे संबंध येईल, हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं.

नव्या सोसायट्यांतली माणसं जुन्या गाड्या घेऊन यायची. म्हणायची, चढाला टकटक करते. शेठ मला हाक मारायचे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि दुसऱ्या हाताने रेस द्यायची. आवाज बारीक, तडतडणारा असेल तर दोष पेट्रोलचा किंवा टायमिंगचा. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवला की काम झालं. आवाज आतून, धातूवर धातू आपटल्यासारखा असेल तर मात्र इंजिन उघडावं लागे. पहिलं काम दहा मिनिटांचं, दुसरं चार दिवसांचं. त्यातला फरक ओळखायचा, एवढ्याचसाठी मला ठेवलं होतं. बाकी नटबोल्ट कोणीही आवळतो.

एका पावसाळ्यानंतर तो बारीक आवाज मला यायचा बंद झाला. माणसं बोललेली कळायची, हॉर्न कळायचा. फक्त तडतड नाही. मी नव्या वसाहतीतल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी दोन्ही कानांजवळ काहीतरी वाजवून पाहिलं आणि सांगितलं, नस बधिर झाली आहे, उजवी जास्त, डावी थोडी कमी. एवढं बोलून त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मला हायसं वाटलं. आदल्या वर्षी माझी दाढ काढली होती. तेव्हा दाताच्या डॉक्टरांनीही हाच शब्द वापरला होता. बधिर करतो, म्हणाले, दोन तासांत उतरेल. आणि खरंच उतरलं होतं. म्हणजे बधिर झालेलं उतरतं, हे मला अनुभवाने ठाऊक होतं. नस मोठी असेल, तिला जास्त दिवस लागतील, असा मीच हिशोब लावला. डॉक्टरांना उलट विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. घरी येऊन बायकोला सांगितलं, कान बधिर झालाय, उतरेल. तिनेही मान हलवली.

उतरेपर्यंत शेठना कळू द्यायचं नव्हतं. कळलं असतं तर मला ठेवून त्यांना काय करायचं होतं?

बायको दुपारी डबा घेऊन यायची. त्या वेळी शेठ घरी जेवायला गेलेले असायचे आणि बाकीचे शेडमागे आडवे झालेले. मी गाडी काढायचो, तिला शेजारी बसवायचो आणि बेलापूरच्या बाजूला जो चढ होता त्यावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ओढायचो. नॉकिंग खरं ऐकायचं तर इंजिनावर भार लागतो. ती डोळे मिटून ऐकायची. तिला टायमिंग, पिस्टन काही ठाऊक नव्हतं. म्हणायची, मोहरी तडतडतीय. किंवा, नाही, खलबत्ता कुटल्यागत येतंय. मोहरी म्हणजे डिस्ट्रिब्युटर फिरवायचा, खलबत्ता म्हणजे इंजिन खाली घ्यायचं. पाच-सहा महिन्यांत ती एकदाही चुकली नाही. बरोबरचे मला चिडवायचे की वहिनींना रोज हवा खायला नेतोस, नशीबवान आहेस. मी हसून वेळ मारून नेत होतो.

घाबरलो होतो का, तर नाही. वाईटही वाटत नव्हतं. आज सांगतो तर ऐकणाऱ्याला खोटं वाटतं, पण आतून सगळं दाढेच्या त्या दोन तासांसारखं होतं. जीभ लावून बघावी तर तिथे काही आहे हेच कळू नये, तसं. मी फक्त वाट बघत होतो.

मे महिन्यात शेठच्या पुतणीचं लग्न झालं. शेठच्या घरच्यांनी कामगारांच्या बायकांनाही मांडवात बसवून हातभर हिरव्या बांगड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी एका बँकेतल्या गृहस्थांची गाडी आली. शनिवारी मुलाबाळांना घेऊन त्यांना कोकणात गावी जायचं होतं. त्या दुपारी चढापर्यंत न्यायला वेळ नव्हता, म्हणून मी बायकोला गॅरेजमध्येच इंजिनापाशी उभं केलं, स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात दिला आणि रेस दिली. तिने बराच वेळ ऐकलं. म्हणाली, आज मोहरी नाही, काहीतरी काचेसारखं किणकिणतंय, सारखं.

किणकिण म्हणजे मी पिस्टनची सैल पिन समजलो. इंजिन उघडलं. पिना ठणठणीत होत्या. पुन्हा सगळं बसवेस्तोवर शनिवार उलटून गेला होता, आणि गाडी चढाला पहिल्यासारखीच टकटक करत होती. ते गृहस्थ रागावलेदेखील नाहीत. मुलं रडली, एवढंच म्हणाले.

घरी गेल्यावर बायकोला सांगितलं की पिना चांगल्या निघाल्या. ती भाकरी थापत होती, थांबली. पिठाच्या हातांकडे बघत राहिली. मग तिने मूठ वळून मनगट बांगड्यांसकट जोरात हलवलं आणि म्हणाली, "असाच होता. माझाच होता तो आवाज."

दुसऱ्या दिवशी शेठनी स्वतः बॉनेट उघडलं. ते लग्नातून नुकते मोकळे झाले होते. डिस्ट्रिब्युटर फिरवला, गाडी चढावर नेऊन आणली, परत इंजिनाशी आले आणि मला बोलावून स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला. रेस देत विचारलं, अजून वाजतंय का. मी मूठ कानामागे लावली. नेहमीसारखं काहीच आलं नाही. पण इतके दिवस जी गाडी वाजत होती ती अजून वाजतच असणार, असं धरून मी म्हटलं, थोडं वाजतंय.

शेठनी रेस सोडली. नॉकिंग केव्हाच गेलं होतं.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "बधिर झालाय शेठ. डॉक्टर म्हणालेत. दाढेचा उतरला होता, हाही उतरेल."

मला वाटलं, ओरडतील. त्यांनी माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर हळूच काढून घेतला आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले.

"आरं, त्यो दाताचा बधिर येगला. माजा बापूस बधिर व्हता, मरंपरत. ह्यो उतरत नाय."

मग म्हणाले, उद्यापासून टायरच्या कामाला ये, आणि बायकोला उगाच उन्हात आणू नको. मी बरं म्हटलं. नोकरी राहिली होती. आनंद व्हायला हवा होता.

संध्याकाळी घरी आलो तर बायकोचे हात मोकळे होते. एकही बांगडी न फोडता तिने सगळ्या उतरवून डब्यात ठेवल्या होत्या, फक्त दोन-दोन मागे ठेवल्या होत्या. शेठ काय म्हणाले ते मी सांगितलं. उतरत नाही, हेही सांगितलं. तिने स्टोव्हवर कढई ठेवली, तेल ओतलं, मोहरी टाकली.

मी तिच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिलो, माझा बरा कान कढईकडे करून. दाणे तेलात नाचत होते, एकदोन उडून ओट्यावर पडले. मी नीट लक्ष देऊन बघत होतो.

"तडतडली का गं?" मी विचारलं.

"कवाची," ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.