रत्नाचा डबा

आमच्या कॅनडातल्या मिसिसागाच्या लायब्ररीनं इथल्या जुन्या मराठी घरांचे आणि दुकानांचे फोटो, कागद, वस्तू जपून ठेवायचं काम काढलं आणि मी व्हॉलंटियर म्हणून त्यात पडले. वस्तू जमल्या बेताच्याच, किस्से मात्र ढीगभर! त्यांना लायब्ररीत कपाट नाही, म्हणून ते माझ्याकडेच पडून असतात.

*

जोडीला शिरीष. मूळचा पुण्याचा, त्यामुळे नियम म्हणजे नियम! लायब्ररीच्या मार्गारेटनं सांगितलं होतं, जुन्या फोटोंना हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. जुना अल्बम मागायला आम्ही विमलकाकूंकडे गेलो, तर त्यांच्या दारातच गड्यानं निळे हातमोजे चढवले.

काकूंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि थेट किचनमध्ये नेलं. "परवापासून प्लंबरसाठी फोन करतेय कॉन्डोवाल्यांना! सिंक पूर्ण तुंबलंय बघ."

शिरीषनं सिंक मोकळं केलं. मगच अल्बम मिळाला.

*

अल्बममध्ये सगळ्यांच्या इथल्या पहिल्या विंटरचा ग्रुप फोटो होता. एकाच सेलमधून घेतलेली सारखी जॅकेटं, कानटोप्या, मफलर. दिसत होती ती फक्त नाकं. कोण कोण आहे ते विचारायला आम्ही फोटो घरोघर फिरवला. कडेच्या एकाच माणसावर तीन काकांनी 'हा मीच' म्हणून हक्क सांगितला!

पाटीलकाकांची मुलगी म्हणाली, "डॅड, दॅट्स अ वुमन!"

"मग तुझी आई असेल," काका म्हणाले.

पाटीलकाकू शेजारीच होत्या. "मी तेव्हा कोल्हापुरात होते!"

शेवटी विमलकाकूंनाच विचारलं. त्यांनी फोटोकडे न बघताच सांगितलं, "ती रत्ना," आणि चहा ठेवायला उठल्या.

*

रत्नामावशी नागपूरच्या. विमलकाकू आणि त्या जिवाभावाच्या मैत्रिणी. शेजारच्या एटोबिकोत दोघींचं मसाल्याचं दुकान होतं, 'विमल-रत्ना'. दुकान मोठ्या प्लाझात हलवायचं की नाही यावरून वाजलं. दुकान बंद झालं आणि बोलणंही. कित्येक वर्षं झाली त्याला.

दुकानाची पाटी मावशींच्या गराजमध्ये होती. मार्गारेटचा जीव त्या पाटीत अडकलेला. "जशी आहे तशी द्या," असं मी बजावून सांगितलं होतं.

मावशींनी पाटी आणली ती लालभडक, नवा रंग देऊन! "अशी मळकी वस्तू चारचौघांत कशी द्याची बाप्पा?"

मार्गारेट मटकन खुर्चीत बसली. मी जवळून पाहिलं. 'विमल'ची अक्षरं 'रत्ना'पेक्षा रंगाचा एक हात जास्त देऊन ठसठशीत केली होती.

*

मग विमलकाकूंचा फोन आला. दुकानाची आठवण म्हणून एक स्टीलचा डबा द्यायचाय म्हणाल्या. झाकणावर नाव कोरलेलं, रत्ना. भांडणाआधी मावशींकडून आलेला तो काकूंकडेच राहिला होता. "आता कुठल्या तोंडानं परत करू? लायब्ररीतच असू दे."

जमलेल्या वस्तूंचं लायब्ररीत प्रदर्शन होतं, त्या दिवशी काकू डबा घेऊन आल्या. मार्गारेटनं उचलला तर जड लागला. उघडला तर आत बेसनाचे लाडू, ताजे!

"नो फूड नियर द कलेक्शन!" मार्गारेट ओरडली.

तेवढ्यात रत्नामावशी आल्या. झाकणावरचं आपलं नाव वाचलं. एक लाडू उचलला आणि सगळा खाल्ला. काकू भिंतीवरची फायर एक्झिटची पाटी वाचत उभ्या.

"इलायची अजूनही कमीच टाकतेस वं, विमल!"

"मग आलीस का कधी सांगायला?" काकू त्या पाटीकडेच बघत म्हणाल्या.

मावशींनी डबा काखेत मारला आणि काकूंना आपल्या गाडीत घालून घरी घेऊन गेल्या. काचेच्या कपाटात राहिलं नुसतं लेबल.

मार्गारेट दर सोमवारी विचारते, डबा कधी येणार? शेवटी मी मावशींकडे गेले. "तो विमलकडे हाय. सांबारवडी पाठवली त्यात." नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

काकूंकडे गेले. डबा घासूनपुसून ओट्यावर पालथा. मी हात पुढे केला. "द्या ना काकू, मार्गारेट वाट बघतेय."

काकूंनी डबा छातीशी धरला. "अगं, रिकामा कसा परत करू?"