मामंजींची चाळिशी

माझे सासरे जोतीराम गावचे न्हावी. कडेगावच्या अलीकडचं आमचं गाव, शंभर-सव्वाशे उंबऱ्यांचं. तीस वर्षं सगळ्या गावाच्या हनुवट्या त्यांच्याच वस्तऱ्याखालून गेल्या. माणूस कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण हट्टी म्हणजे किती! एकदा डोक्यात घेतलं की देव खाली उतरला तरी ऐकायचे नाहीत. आणि मी सुला, साताऱ्याची, चार यत्ता शिकलेली, तोंडाची फटकळ. माहेरी सगळे मला वचकून असायचे.

सासरी मात्र तोंडाला कुलूप. आमच्यात सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही. सासूबाई असत्या तर त्यांच्यामार्फत निरोप गेले असते, पण त्या मी यायच्या आधीच वारल्या. नवरा पलटणीत न्हावी म्हणून भरती झालेला, तिकडे ब्रह्मदेशाच्या बाजूला लढाईवर. घरात सासरा, सून आणि पाळण्यातलं पोर. मग काय करायचं? मी किसनला सांगायची, "बाळा, आजोबांना सांग, भाकरी वाढलीय." मामंजीही किसनलाच म्हणायचे, "तुज्या आयला सांग, कोरड्यास झ्याक झालंय." सहा महिन्यांचं पोर आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडे बघायचं. हसू यावं असाच प्रकार, पण पुढं त्यानंच माझा जीव टांगणीला लावला.

चव्वेचाळीस सालचा उन्हाळा. नाथाजी हवालदार, म्हणजे पहिल्या लढाईतून पेन्शनीत आलेले, मामंजींचे जुने दोस्त. मामंजी वस्तरा हातभर लांब धरून धार बघताहेत, हे त्यांनी पाहिलं आणि कोळशावर चालणाऱ्या मोटारीत घालून त्यांना सांगलीला नेलं. दोघे चष्मा घेऊन परतले. ओसरीवर नाथाजींनी सगळं मोठ्यानं सांगितलं, आत मलाही ऐकू यावं म्हणून.

"डागदर म्हनला, डोळ्यात आत एक भिंग असतंय. चाळिशीनंतर ते ताठ हुतंय. मग जवळचं दिसत न्हाई. चष्मा लावा न्हाईतर नगा लावू, ते ताठ हुयाचं थांबत न्हाई. चष्मा नजर खात न्हाई आन वाढवत बी न्हाई. नाकावर हाय तवर दिसतंय. कळलं का, जोतीराम? आन चालताना काढून ठेवायचा. ही जवळची चाळिशी हाय."

"कळलं की," मामंजी म्हणाले.

कळलं कसलं! दुसऱ्या दिवशी चष्मा लावूनच चावडीकडे निघाले. जमीन वर आल्यासारखी झाली, समोरचं लिंबाचं झाड धुकटलं, पायरीवर ठेचकाळले आणि अंगठा फोडून परत आले. किसनला म्हणाले, "बघ गड्या, लांबचं चांगलं दिसत व्हतं, ते बी ह्यानं घालवलं."

तरी आठ दिवस धार बघायला, केस निरखायला त्यांनी तो लावला; हजामत करताना मात्र घामानं घसरतो म्हणून काढून ठेवायचे. पण रोज सकाळी परीक्षा सुरू. आंघोळ झाली की तळहातावर एक केस ठेवायचा आणि चष्मा काढून तो दिसतो का बघायचं. दिसेना. "आदी दिसत व्हता," म्हणायचे. कुठला दिसत होता! आधी कधी तळहातावर केस ठेवून बघितला होता का? आठ दिवस लख्ख बघायची सवय लागली, की मूळचंच धूसर आणखी धूसर वाटणार, एवढी साधी गोष्ट. पण सांगणार कोण त्यांना?

नवव्या दिवशी नाथाजींची हजामत उरकून चष्मा लावला, तर त्यांच्या हनुवटीवर कापलेलं दिसलं. दोन जागी, ताजं, लाल. मामंजी घरी आले ते उतरलेल्या चेहऱ्यानंच. हत्यारांची धोकटी खाली ठेवली, चष्मा चिंधीत गुंडाळून कोनाड्यात सारला. "किसन, तीस वर्सांत म्या कुनाला वरबडा काढला न्हाई. ह्यो चष्मा आला आन हात चुकला. नजर पिऊन टाकली रं त्यानं. आता उरलीय ती तरी जपायची."

आता मला काय ठाऊक होतं ते सांगते. गिऱ्हाइकाच्या अंगावर पसरायची फडकी मी धुवायची. लग्न होऊन आले त्या दिवसापासून, म्हणजे चष्म्याच्या दोन वर्षं आधीपासून. फडक्यावर रक्ताचे ठिपके नाहीत असा एक आठवडा गेला नव्हता. गार पाण्यात भिजवायची, चोळायची, वाळत टाकायची. नाथाजींची रंगूबाई ओढ्यावर मला म्हणाली होती, "आमचं मालक घरी येऊन गुमान तुरटी लावत्यात. जोतीरामाला सांगू नगंस पोरी, त्येच्या जिवाला लागंल." सगळ्या गावानं हे असं झाकून ठेवलेलं. रक्त पहिल्यापासूनच येत होतं. चष्मा लागला तेव्हा ते मामंजींना पहिल्यांदा दिसलं. आणि त्या शहाण्या माणसानं खापर फोडलं ते चष्म्यावर!

मी गप्प राहिले. रिवाज आडवा येत होता, हे आहेच. पण खरं बोलायचं तर माझं काय जात होतं? कातडी दुसऱ्यांची होती.

कार्तिकात किसनला अकरावा महिना लागला आणि मामंजींनी त्याचं जावळ काढायचं ठरवलं. नाथाजी भीतभीत म्हणाले, "कडेगावचा न्हावी बोलवू का?" मामंजी उसळलेच. "माज्या नातवाच्या डोस्क्याला दुसऱ्याचा वस्तरा? नाव काढू नगा!"

एवढ्याशा पोराची टाळू! तिथं हाड भरलेलं नसतं, बोट ठेवलं तर खाली ठोका लागतो. त्या दिवसापासून घास गोड लागेना. किसनला न्हाऊ घालताना हात टाळूवर गेला की मी तिथंच थांबायची. शेवटी म्हटलं, "बाळा, आजोबांना सांग, त्या दिवसापुरता तरी चष्मा लावा."

उत्तर आलं, "तुज्या आयला सांग, तुज्या जावळासाठीच नजर साठवून ठेवतोय. चष्मा लावला तर हाय ती बी जाईल."

आता यावर काय बोलायचं, सांगा! दुपारी ते डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवून पडून राहायचे. उन्हाकडे बघायचे नाहीत, चुलीच्या धुराकडे फिरकायचे नाहीत. नातवासाठी नजर साठवत होते बिचारे. माझा संताप व्हायचा आणि रडूही यायचं, दोन्ही एकदमच.

जावळाला मामाची मांडी लागते म्हणून साताऱ्याहून माझा भाऊ नारायण आला. त्याच्या कानावर घातलं तर हसला. "तीस वर्षांचा हात आहे, अक्का. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस." मी मनात म्हटलं, हात तीस वर्षांचा आहे, पण डोळे पन्नासाचे झालेत त्याचं काय?

सकाळी देवीच्या देवळापुढे सगळे जमले. नारायण किसनला मांडीवर घेऊन बसला. माझी नणंद नव्हती, म्हणून जावळ झेलायला आत्याच्या जागी रंगूबाई बसली. मामंजींनी पोराचे केस ओले केले, वस्तरा पट्ट्यावर घासला आणि धार बघायला हात लांब केला. मग किसनच्या डोक्यावर वाकले. मान मागे घेतली, पुढे आणली, परत मागे घेतली. बोटांनी टाळू चाचपली. किसन वळवळला. वस्तरा खाली आला.

"मामंजी, थांबा!"

माझाच आवाज, पण मलाच ओळखू आला नाही. अडीच वर्षांत त्यांच्याशी बोललेला तो पहिला शब्द. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. बायका तोंडाला हात लावून बघत राहिल्या. घरून निघताना चष्मा मी कनवटीला खोचून आणला होता, तो त्यांच्यापुढे धरला.

"हा लावा आधी. चष्म्यानं तुमचं काही बिघडलेलं नाही. तो यायच्या आधीपासून रक्त येतंय. फडकी मी धुते, मला माहीत आहे. दोन वर्षं, दर आठवड्याला. खोटं वाटत असेल तर नाथाजीमामांना विचारा."

मामंजींनी नाथाजींकडे पाहिलं. लढाईवरून आलेला तो माणूस, पण त्यानं मान खाली घातली. रंगूबाईच हळू म्हणाली, "खरं हाय, जोतीराम. तुमच्या जिवाला लागंल म्हनून कुनी बोललं न्हाई."

मामंजींनी चष्मा लावला. वाकून पोराची टाळू एकदा नीट निरखली. मग वस्तरा चालू लागला. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ओल्या केसांचे पुंजके रंगूबाईच्या ओटीत पडले होते आणि किसनचं डोकं गुळगुळीत झालं होतं. कुठं एक ओरखडा नाही. नारायणानं पोर माझ्या कडेवर दिलं आणि मी सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. जिंकले असं वाटत होतं मला.

मामंजींनी वस्तरा मिटला. चष्मा तसाच ठेवून ते नाथाजींजवळ गेले, त्यांची हनुवटी वर केली आणि एकेका जुन्या वणावरून अंगठा फिरवला. नाथाजी म्हणाले, "आरं, असू दे रं." मामंजींनी हनुवटी सोडली. मग माझ्याकडे वळले. या वेळी किसनला सांगितलं नाही, मलाच विचारलं.

"सुला, दोन वर्सं गावाचं रगत धुतलंस. तवा तोंड उघडलं न्हाईस. आज तुज्या पोराच्या डोस्क्यावर आलं, तवा बोललीस व्हय?"

आवाजात राग असता तर मी भांडले असते. तो नव्हता. मी किसनला घट्ट धरलं आणि खाली बघत उभी राहिले.