पाहुणी न जेवताच गेली

देव नाही असं मी कधी म्हटलं नाही. तो असेल तर असू दे, माझ्या कामात त्याने लुडबूड करू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. माझं काम मोबाइल ॲप बनवण्याचं. कळा सुरू झाल्यावर भांबावलेल्या नवराबायकोला धीर द्यायचा, दोन कळांमधलं अंतर मोजून दवाखान्यात कधी निघायचं ते सांगायचं, असं ॲप आम्ही तिघा मित्रांनी ग्वाल्हेरात बसून तयार केलं होतं. सुरुवातीला ते अधूनमधून विचारायचं, 'बाळ हलतंय का?' ज्या जोडप्यांनी ते वापरून पाहिलं, ती म्हणाली की या प्रश्नाने जीव धास्तावतो. मी तो प्रश्न काढून टाकला. धीर देणाऱ्याने घाबरवायचं कशाला, हे माझं शहाणपण.

माझ्या बायकोच्या कळा एका गुरुवारी सकाळी सुरू झाल्या. आम्ही ग्वाल्हेरच्या खासगी बाजार नावाच्या वस्तीत राहतो, आई आमच्यासोबत. तिचा गुरुवारचा नेम मोठा कडक. दुपारी दारावरून जाणाऱ्या कुणाला तरी हाक मारून जेवू घालायचं आणि मगच आपण घास घ्यायचा. दत्तमहाराज कोणत्या रूपात येतील ते सांगता येत नाही, असं ती म्हणते. मी त्यावरून तिला पुष्कळ चिडवत असे.

अकराच्या सुमारास बायको म्हणाली, "सुन ना, बाळ एकदम चुप झालंय. हलतच नाहीये." मी मोबाइल तिच्यापुढे धरला. कळांमध्ये अजून बरंच अंतर होतं, ॲपचा पडदा हिरवा होता, म्हणजे निघायची घाई नव्हती. "अजून टाइम आहे. थोडं चलून घे," मी म्हणालो. थोड्या वेळाने तिने पुन्हा सांगितलं. पोट कळ गेल्यावरही घट्टच राहतंय, असंही म्हणाली. मी पुन्हा पडदा दाखवला. मग ती काही बोलली नाही. तिला धीर आला, असं मला वाटलं.

बारा वाजता आई दारात जाऊन उभी राहिली, तेव्हा मात्र मी चिडलो. "आज तरी राहू दे ना, आई." "आजच तर कोणी यायला हवं," ती म्हणाली. बाजारातून परतणारी साठीची एक बाई उन्हाने थकून आमच्या पायरीवर टेकली होती. आईने तिला आत आणलं, पाय धुवायला पाणी दिलं, पान वाढलं. ती पानावर बसते तोच आतून कण्हणं ऐकू आलं. घरात काय चाललंय ते आईने सांगितलं. "हमने बिरला नगर में बरसों जचकी कराई है," असं म्हणत ती सुईणबाई पानावरून उठली आणि सरळ आत गेली. बायकोच्या पोटावर तिने हात ठेवला.

"बिटिया, बच्चा आख़िरी बार कब हिला था?"

मी काढून टाकलेला प्रश्न तो हाच. बायकोला रडू फुटलं. "सुबह से नहीं." बाई माझ्याकडे वळली. "खाना रहने दो. गाड़ी लाओ, अभी."

बायकोचं डोकं मांडीवर घेऊन ती दवाखान्यापर्यंत रिक्षात बसून आली. बाळाला पोसणारी वार जन्माआधीच आतल्या आत सुटली होती आणि रक्तस्राव चालू होता. लगेच ऑपरेशन झालं. मुलगी होती. ती आधीच गेली होती. बायकोला वाचवायला दोन दिवस लागले. अजून थोडा उशीर झाला असता तर हीसुद्धा हाती लागली नसती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लवकर आणलं असतं तर मुलगी वाचली असती का, ते मी विचारलं नाही. मीच तिला दोन्ही हातांवर घेऊन गेलो आणि मातीत ठेवून आलो.

ती बाई ऑपरेशन चालू असतानाच निघून गेली होती. पुढे मी बिर्लानगरच्या गल्ल्यांतून विचारत फिरलो. कुणालाच सांगता आलं नाही. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. तो प्रश्न आम्ही ॲपमध्ये परत घातला.

बायको घरी आल्यावर मी तिला सगळं कबूल केलं, तो प्रश्न मीच काढून टाकला होता हेही. "मला कळत होतं काहीतरी बिघडलंय," ती म्हणाली. "पण तू इतक्या भरोशाने दाखवत होतास, की मला वाटलं, माझंच चुकतंय." माफ केलं असं ती म्हणाली नाही. माफी मागायला मलाही तोंड नव्हतं.

एका गुरुवारी मात्र मी आईवर घसरलो. "तुझे महाराज यायचेच होते तर एक तास आधी का नाही आले? पोरगी वाचली असती."

आई पूजेची फुलं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आले होते रे. तुझ्या बायकोच्या तोंडून दोनदा सांगून गेले. तू मोबाइल बघत होतास."

त्या दिवशी मी पहिल्यांदा काहीही न मागता देवापुढे डोकं टेकलं. बायको राहिली, हे त्याचं देणं, आणि त्याबद्दल मी जन्मभर त्याचा ऋणी आहे. मुलगी गेली, ते मी त्याच्या माथी मारणार नाही. शरण जाणं म्हणजे काय, हे मोठे लोक सांगतील. मला एवढंच कळलं, की जवळचं माणूस सांगत असताना आपलं शहाणपण खाली ठेवायचं आणि उठायचं.