ही मदतीला येते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण काय, ते माझं मलाही नीट ठाऊक नाही.

ती जाडजूड, गोल कोपऱ्यांची मराठी अक्षरं तुम्ही पाहिलीच असतील. दह्याच्या डब्यावर, बोरिवलीतल्या बालवाड्यांच्या पाट्यांवर. तो फॉन्ट माझा. म्हणजे — मी तसंच सांगत आलेय.

वैशाली आणि मी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. दोन वर्षं खपून तिच्या घाटकोपरच्या घरी, जेवणाच्या टेबलावर आम्ही तो केला. साधी अक्षरं माझी, जोडाक्षरं तिची. साधी काय, कुणालाही जमतील. पण जाड अक्षरांचं जोडाक्षर करायचं म्हणजे दोन लठ्ठ माणसं एका खुर्चीत बसवायची, आणि आतली पांढरी जागाही बुजू द्यायची नाही. वैशाली एकेक जोडाक्षर वीस-वीसदा काढायची. छापलेल्या कागदावर कोपऱ्यावरून बोट फिरवून म्हणायची, "टोचतंय गं अजून." मला हसू यायचं. हेवाही वाटायचा — हे आधी सांगायला हवं होतं, नाही का?

मग थोडी जोडाक्षरं बाकी होती तेव्हाच अंधेरीला एका कंपनीत आम्ही तो दाखवायला गेलो. समोरच्या बाईंनी 'घट्ट' या शब्दावर बोट ठेवलं. "हे जोडाक्षर काय झकास जमलंय. कुणी केलं?"

वैशाली माझ्या शेजारीच बसली होती. परक्या माणसांपुढे तिच्या तोंडून शब्द फुटत नसे, म्हणून बोलायचं मीच, असं आमचं ठरलेलं. तिने माझ्याकडे पाहिलं — हसून, मी आता तिचं नाव घेणार या खात्रीने.

"मीच," मी म्हणाले. बाईंची नजर तिच्याकडे वळली तेव्हा वर आणखी — "ही मदतीला येते."

कुणी विचारलं होतं मला? 'मीच'वर तरी थांबता आलं नसतं?

परतताना रिक्षात मी वैशालीला म्हटलं, "पटकन तोंडातून गेलं गं, सांगते त्यांना नंतर." सांगितलं नाही. चार दिवसांनी तिच्याकडून उरलेली सगळी जोडाक्षरं मेलवर आली, एकही बाकी न ठेवता. सोबत एकच ओळ — "आता माझं काही राहिलं नाही." त्यानंतर तिने माझा फोन कधी घेतला नाही.

आणि मी काय केलं? सगळ्यांना सांगत सुटले की वैशालीने ऐनवेळी दगा दिला, मला अर्ध्यावर सोडून गेली. इतक्यांदा सांगितलं की मला खरोखरच फसवलं गेल्यासारखं वाटू लागलं. रडलेसुद्धा. आमच्या मैत्रिणींनी तिच्याशी बोलणं टाकलं, आणि मला बरं वाटलं.

फॉन्टच्या फाइलमध्ये कर्त्याचं नाव लिहायला एक चौकट असते. तिथे माझं एकटीचं नाव आहे. अधूनमधून मी फॉन्टमध्ये काही ना काही दुरुस्ती करते, तेव्हा ती चौकट समोर येते. दुसरं नाव घालायला अर्धं मिनिट पुरेल. गेल्या आठवड्यातही ती उघडली होती. तशीच ठेवून बंद केली.